सासऱ्यांना विलायतेला धाडण्याची खटपट

माझे सासरे गुन्हेगार होते आणि मला त्यांना विलायतेला पाठवायचं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. (सासरे गुन्हेगार आहेत हेही सांगितलं नव्हतं म्हणा! पत्रिका पाहिली, देवक पाहिलं, मुलीला चार पावलं चालायला लावलं. वधूपित्याचं पोलीस रेकॉर्ड पाहायची आपल्याकडे पद्धतच नाही.)

बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची ही गोष्ट. मी भिंगारला लष्कराच्या एका डेपोत मुलकी कारकून होतो. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मी आणि माझी बायको सुमन. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि संसार कसा झकास चालला होता. तेवढ्यात सासरे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. सासूबाई आधीच वारलेल्या. एकुलता एक मुलगा मधुकर विलायतेत वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावी कारखान्यात नोकरीला. सोनईची जमीन पुतण्यांकडे, आणि पुतण्यांच्या बायकांशी भाकरीच्या जाडीवरून बिनसलेलं. तेव्हा आबा, म्हणजे सासरे, एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि स्वतःच्या खाण्यापुरतं बाजरीचं पोतं घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

पोतं का, तर लेकीच्या घरचं अन्न बापानं खाऊ नये. तिला मूलबाळ होईपर्यंत तर पाणीसुद्धा पिऊ नये, असा त्यांच्या घरचा रिवाज. सुमननं त्यांच्या पोत्यातली बाजरी निराळी दळायची, निराळी थापायची, आणि आबांनी ती भिंतीकडे तोंड करून खायची.

आता तुम्ही म्हणाल, असा गरीब माणूस घरात असला तर बिघडलं काय? बिघडलं हे की आबा माझा मान ठेवायचे. फार ठेवायचे! मी खोलीत आलो की उठून उभे राहायचे. दोनच खोल्या, मी दिवसातून पन्नास वेळा इकडून तिकडे जाणार आणि पासष्ट वर्षांचा माणूस पन्नास वेळा गुडघ्यावर हात टेकून "या जावईबापू" म्हणत उभा राहणार. सकाळी मी टमरेल घेऊन बाहेर पडलो की उभे. परत आलो की उभे. बनियनवर बसायची सोय नाही, कारण आबा डोक्यावरची टोपी झोपेतसुद्धा काढत नसत. बायकोशी भांडायची तर सोयच गेली. मी जरा आवाज चढवला की आबा आतून म्हणायचे, "सुमे, चूक तुझीच आसंल. पाया पड जावईबापूंच्या!" आणि ती पडायचीसुद्धा! मग रात्री जेवणात मीठ नसायचं.

सहा महिन्यांत मी माझ्याच घरात पाहुणा झालो. अंग खाजवायचं तर डेपोत जाऊन खाजवत होतो.

अशात मधुकरचं पत्र आलं. 'आबांनी आता कायमचं इकडे यावं. निवृत्त वडिलांना मुलाकडे राहायला येता येतं. सोबत फॉर्म पाठवत आहे.' मी ते पत्र तीनदा वाचलं आणि शेजारीपाजारी पेढे वाटले. सुमन माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"आबा, जाणार ना?" मी विचारलं.

आबा अर्थातच उभे होते. टोपी सारखी करत म्हणाले, "जायलाच पायजे जावईबापू. लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं? लोक काय म्हनतील?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "तिकडं लई थंडी आसती म्हनं."

"छे! थंडी कसली? आपली माघातली असते तेवढीच," मी ठोकून दिलं. (वुल्व्हरहॅम्प्टन कुठल्या दिशेला आहे हेही मला ठाऊक नव्हतं.)

त्याच दिवशी मी फॉर्म भरायला बसलो. नाव, वय, धंदा, सगळं सुतासारखं सरळ. अकराव्या प्रश्नाशी आलो : तुम्हाला कधी कोणत्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय? मी हसत हसत 'नाही' लिहायला घेतलं आणि गंमत म्हणून तो प्रश्न आबांना वाचून दाखवला. आयुष्यात मी केलेल्या गमतींपैकी ही सगळ्यात महागाची!

"झालीय की!" आबा म्हणाले.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. आत सुमनच्या हातातलं उलथणं पडलं नाही, यावरून तिला हे ठाऊक होतं हे मी ओळखलं.

"कशाबद्दल?"

"कोंडवाडा फोडला."

मग आबांनी बैठक मारली. उभं राहायचं विसरून बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"पोळ्याचा दिस, जावईबापू. समद्या गावाचे बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून वेशीत हुबे. आन माझा हरण्या कोंडवाड्यात! आदल्या दिशी त्या रंगनाथाच्या बाजरीत शिरला म्हनून त्यानं नेऊन कोंडला हुता. मी दंड घिऊन सोडवायला गेलो, तर कोंडवाड्याचा रखवालदार सनाचा बायकोच्या म्हायेरी. किल्ली त्याच्या खिशात! आता तुमीच सांगा, पोळ्याच्या दिशी बैल उपाशी कोंडून ठिवायचा?"

"मग?"

"मंग काय? कुऱ्हाड आनली आन कडी तोडली."

"हरण्याला सोडलंत. बरं. एवढंच ना?"

"आसं कसं? आत आनखी सोळा जनावरं हुती. त्येंचा पोळा नव्हता व्हय? समदी सोडली. बैल, गाया, दोन म्हशी, येक गाढाव."

"गाढवाचा कसला हो पोळा?"

"सनाच्या दिशी भेदभाव करू न्हाई!"

सुटलेली सतरा जनावरं वेशीत मिरवायला न जाता सरळ रंगनाथच्या बाजरीत गेली. (रस्ता दाखवायला हरण्या होताच!) रंगनाथनं फिर्याद केली, तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? आबा म्हणाले, व्हय, आन पुढल्या पोळ्यालाबी कबूल हाय. त्यावर शिक्षा झाली : कोर्ट उठेपर्यंत कैद. आबा संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसले, आणि सुटले तेव्हा गावानं त्यांना हलगी लावून वेशीपासून घरापर्यंत मिरवत नेलं.

"याला काय गुन्हा म्हणतात?" मी म्हणालो. "वीस वर्षं झाली त्याला. मी 'नाही' लिहितो."

आबांचा चेहरा बदलला. "न्हाई जावईबापू. वजनकाट्यावर तीस साल बसलो, कदी कुनाच्या उसाचं वजन खोटं लिवलं न्हाई. माझं मला खोटं लिवू व्हय? 'व्हय' लिवा. आन म्होरं जागा आसंल तर हरण्याचंबी नाव लिवा."

मी 'होय' लिहिलं. हरण्याचं नाव लिहिलं नाही, एवढीच काय ती माझी लबाडी. म्हणजे तोपर्यंतची.

पहिला फटका पासपोर्टाच्या वेळी बसला. पोलीस घरी चौकशीला येणार होता. मी आबांना दोन दिवस तालीम दिली. "तो विचारील तेवढ्याला फक्त होय किंवा नाही म्हणायचं. पोळा काढायचा नाही. जनावरं काढायची नाहीत. गाढव तर मुळीच नाही!"

हवालदार भरदुपारी आला. बिचारा पाथर्डीकडचा, उन्हानं तांबडाबुंद झालेला. त्यानं विचारलं, "नाव काय आबा?"

"व्हय," आबा म्हणाले.

"नाव विचारलं मी."

"न्हाई."

हवालदारानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी घाईघाईनं नाव सांगितलं. मग त्यानं वही पुढे ओढून विचारलं, "कदी काई भानगड, मारामारी, खटला?"

"छे छे छे!" मी म्हणालो. "देवमाणूस हो! मुंगीलासुद्धा कधी..."

"जावईबापू, तुमी बसा," आबा म्हणाले. "ह्यो प्रश्न माझा हाय."

पुढचा एक तास मी चहा आणत होतो. पोळा निघाला, हरण्या निघाला, म्हशी निघाल्या. हवालदाराच्या हातातली बशी तोंडाशी जाता जाता थांबली. "आन गाढाव? गाढाव बी सोडलं आबा?"

"सोडलं."

हवालदार उठला, टोपी काढली आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं! म्हणाला, त्याच्या वडिलांचा बैलही एकदा पोळ्याला कोंडवाड्यात होता, पण घरात कुणाची छाती झाली नव्हती. मला हायसं वाटलं. एवढा विरघळलेला माणूस कशाला काय लिहितोय? मग तो पुन्हा खाली बसला आणि सगळं लिहून काढलं. गाढवासकट.

"अहो, पाया पडलात ना तुम्ही?" मी दारात त्याला गाठलं.

"पाया पडलो म्हनून काय झालं सायेब? लिवावं तर लागंलच की!"

पासपोर्ट मात्र मिळाला, कारण असल्या शिक्षेनं पासपोर्ट अडत नाही. अडला तो विलायतेचा परवाना. मुंबईच्या कचेरीतून पत्र आलं : निकालाची नक्कल पाठवा, आणि त्यानंतर या गृहस्थांची वागणूक चांगली आहे, असं प्रतिष्ठित माणसांचं लेखी आणा. फिर्यादीचं मिळालं तर उत्तम.

तालुक्याला चार खेपा घातल्यावर नक्कल मिळाली. फिर्यादी म्हणजे रंगनाथ. आबांना घेऊन मी एस.टी.नं सोनईला गेलो. रंगनाथ आता सत्तरीचा, बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मी नमस्कार करून सगळं समजावलं. तो म्हणाला, "दाखला देतो की. पन आधी ह्यो परत येनार न्हाई, आसं तुमी लिवून द्या."

मला तर हेच हवं होतं! मी म्हणालो, "देतो, देतो!" आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी शेंग उचलल्यासारखं केलं.

रंगनाथ सांगू लागला आणि मी लिहू लागलो. "ह्येच्या सतरा जनावरांनी माझी बाजरी खाल्ली..."

"सतरा, बराबर," आबा म्हणाले.

"अठरा! सतरा जनावरं आन त्येंच्या मागनं पळत आल्याला तू!"

"मी बाजरी खाल्ली न्हाई रंगनाथ!"

"पायाखाली तुडवली का न्हाई? मंग?"

वीस वर्षांची कबर उकरली गेली. दोघे म्हातारे उभे राहून एकमेकांच्या बैलांचं वंशवर्णन करू लागले. रंगनाथनं सांगितलं की हरण्या पहिल्यापासून चोर होता. आबांनी उत्तर दिलं की रंगनाथची बाजरी इतकी बारकी होती की बैलानं ती दया म्हणून खाल्ली. बायका चुली सोडून बाहेर आल्या. मी मधे पडलो तर दोघांनी मिळून मला गप्प केलं. अखेर रंगनाथ दम लागून खाली बसला आणि म्हणाला, "लिवा हो पाव्हनं. ह्येनं गुन्हा केला तो दिवसाढवळ्या, समद्या गावादेखत केला. लपून कदी काई केलं न्हाई. ह्येच्यासारका सरळ मानूस आमच्या गावात दुसरा न्हाई. लिवलं? आना, सई करतो."

सही करून झाल्यावर तो आबांकडे न बघता म्हणाला, "तिकडच्या थंडीत मरशील रं. कोन बोलंल तुझ्याशी तिथं?"

परतीच्या गाडीत आबा मागे पडणाऱ्या सोनईच्या शिवाराकडे वळून वळून बघत होते. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं आज म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मी खिडकीबाहेर बघत, आबा गेल्यावर घरात बनियनवर कुठल्या कुठल्या कोपऱ्यात बसायचं, याचे बेत करत होतो.

आता राहिला प्रतिष्ठित माणूस. नगरच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे गृहस्थ राहतात कुठे?"

"माझ्याकडेच."

"मग बाहेरचे दाखले कशाला हवेत? तुम्ही प्रतिज्ञापत्र करा! अहो, जावयानं शपथेवर सासऱ्याची स्तुती केली, तर जगातला कुठलाही साहेब चकित होईल. मात्र पुळचट नको. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मराठीतच लिहा, इंग्रजी तर्जुमा माझा माणूस जोडील."

मी त्यांच्याच ओसरीवर बसलो आणि लिहू लागलो. शाळेत निबंधात मी कायम पहिला असायचो. पंधरा वर्षं डेपोतल्या ताडपत्र्यांच्या याद्या लिहून लिहून कुजलेली ती कला त्या दिवशी उफाळून आली! मी लिहिलं की मला वडील लहानपणीच अंतरले. (हे तेवढं खरं होतं.) त्यांची जागा या थोर पुरुषानं भरून काढली. मी लिहिलं की ते घरात आले आणि माझं घर देवघर झालं. त्यांचा आवाज कानावर पडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. मी त्यांचा जावई नसून मुलगा आहे, आणि त्यांनी मला मुलाप्रमाणे हक्कानं रागवावं, हीच माझी एक इच्छा राहून गेली आहे. शेवटी तर लेखणी थांबेना : 'ते विलायतेस गेल्यावर मी पुन्हा एकदा पोरका होणार आहे; तरी मुलाचा हक्क मोठा म्हणून काळजावर दगड ठेवून मी संमती देत आहे.'

वकिलांनी वाचलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "सगळं खरं ना हो? शपथेवर आहे. खोटं निघालं तर गुन्हा होतो."

"अक्षर न् अक्षर!" मी म्हणालो आणि झोकात सही ठोकली.

मुंबईला मुलाखत होती. मी रजा काढून आबांना घेऊन गेलो. कचेरीत पंख्याखाली बाकावर बसलो. आबा दर दोन मिनिटांनी उभे राहत होते. शिपाई आला की उभे, टपाल नेणारा आला की उभे. शेवटी आमचं नाव पुकारलं तेव्हा ते थकून बसलेले होते, त्यामुळे साहेबापुढे जायला उशीर झाला.

साहेब गोरापान, लांब नाकाचा, हसण्याची सवय नसलेला. शेजारी एक मराठी दुभाषा. साहेबानं निकालाची नक्कल वाचली, एकदा आबांकडे पाहिलं, पुन्हा नक्कल वाचली आणि दुभाष्याला काही तरी सांगितलं.

"साहेब विचारतात, हे असं पुन्हा कराल का?"

मी आबांच्या पायावर पाय दिला. वहाणेचा अंगठा तुटला, पण उपयोग झाला नाही.

"पोळ्याला करीन," आबा म्हणाले.

दुभाष्यानं कपाळाला हात लावून तर्जुमा केला. साहेबानं दीर्घ विचार करून काही सांगितलं.

"साहेब म्हणतात, त्यांच्या देशात पोळा नसतो."

"मंग काई भ्या न्हाई म्हनावं. पन बैलांचं अवघड हाय तिथल्या."

साहेबाचं लांब नाक एकदम हललं. मग खांदे हलले. तो हसत होता! नंतर कळलं की त्याच्या बापाच्या गाई होत्या. मी मनातल्या मनात आबांची वळकटी बांधली. तेवढ्यात साहेबानं माझं प्रतिज्ञापत्र वर काढलं आणि दुभाष्याला म्हणाला की हे या गृहस्थांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि खरं आहे का विचारा.

"कशाला, कशाला? त्यांना सगळं ठाऊक आहे!" मी म्हणालो, पण दुभाष्याचा आवाज चांगला खणखणीत होता आणि असलं मराठी त्याला बहुधा बऱ्याच दिवसांनी वाचायला मिळालं होतं. तो थांबून थांबून, भाव ओतून वाचू लागला. देवघराशी आला तेव्हा आबांनी टोपी काढून हातात घेतली. त्यांचं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. 'पुन्हा एकदा पोरका' म्हणताना दुभाष्याचा स्वतःचाच आवाज फाटला.

"हे कुनी लिवलं?" आबांनी हळूच विचारलं.

"तुमच्या जावयांनी. शपथेवर."

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. मला फार लाज वाटली. इतकी लाज मला शाळेत कॉपी करताना पकडला गेलो तेव्हाही वाटली नव्हती. साहेबानं ते पाणी हाच पुरावा धरला, पासपोर्ट ओढला आणि धाडकन शिक्का मारला. परवाना मिळाला! कायमचा!

आम्ही बाहेर आलो. समोरच्या गाडीवर मी दोन ग्लास उसाचा रस सांगितला. लाज रसाबरोबर बरीचशी खाली उतरली आणि मी म्हणालो, "चला आबा, आता तिकिटाचं बघू."

"तिकीट नगं," आबा म्हणाले. "मी न्हाई जानार."

"म्हणजे?"

"मला कुठं जायचं हुतं हो? लेकीच्या घरी वझं नगं, म्हनून निघालो हुतो. तुमी कदी बोलून दावलं न्हाई. मला वाटायचं, जावईबापू परका मानूस, मनात कटाळत आसतील. मी आपला भिऊन भिऊन ऱ्हायचो, उठायचो, बसायचो. आन तुमच्या पोटात येवडी माया! तुमाला पोरकं करून त्या थंडीत जाऊ व्हय?"

"आबा, ते... ते जरा वकिलांच्या सांगण्यावरून..."

"वकिलाचं कशाला? स्टँपाच्या कागदावर, सत्य परतिज्ञेवर हाय ते. आसल्या कागदावर खोटं कोन लिवील?" आणि मग एकदम बारीक आवाजात, "खरं हाय ना जावईबापू?"

मी रसवाल्याकडे पाहिलं. तो घुंगरं वाजवत चरक फिरवत होता, त्याची काही मदत होण्यासारखी नव्हती. खोटं म्हणावं, तर शपथेवर खोटं लिहिल्याचा गुन्हेगार मी. खरं म्हणावं, तर आबा घरात. आणि खरं सांगायचं तर कायद्याचा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मला फक्त त्यांचं उघडं, पांढऱ्या केसांचं डोकं दिसत होतं; टोपी अजून त्यांच्या हातातच होती. त्या माणसाला "नाही" म्हणायची माझी छाती नव्हती.

"खरं आहे," मी म्हणालो.

घरी आल्यावर सुमनला हे कळलं तेव्हा ती इतकी रडली, इतकी हसली की मला काही समजेना. रात्री माझ्या ताटात तुपाची धार पडली ती थांबेचना. "अहो, मला वाटलं होतं, तुम्हाला आबा नकोच आहेत," ती म्हणाली. "कित्ती वाईट आहे मी!" मी मोठ्या मनानं तिला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता माझ्या अंगावरचं पांघरूण कुणी तरी ओढलं.

"आरं ऊठ! दिस उगवायची येळ झाली. तरना गडी आन लोळत पडलाय! ऊठ, पानी भर!"

मी डोळे चोळत पाहिलं. आबा! 'जावईबापू' नाही, 'तुमी' नाही, आणि मी उठून उभा राहिलो तरी आबा खुशाल बसलेले!

"आसा काय बघतूस? हक्कानं रागवावं आसं तूच लिवलंस न्हवं? जावई आसतास तर बोललो नसतो. आता तू पोरगा!"

तेव्हापासून मी पाणी भरतो, दळण आणतो, रविवारी सरपण फोडतो. बनियनवर बसायला आता हरकत नाही; फक्त ते फाटकं का, धुतलं कधी, आणि डेपोत एवढा पगार घेऊन गंजिफ्रॉक धड नाही का, याचा जबाब द्यावा लागतो. मी सुमनशी भांडलो तर आबा तिची बाजू घेतात आणि पाया मला पडायला लावतात.

महिन्याभरानं मधुकरचं पत्र आलं. 'दाजी, आबांनी तुम्हाला मुलगा मानलं हे वाचून फार भरून आलं. सांभाळून राहा. ते परक्यांना देवासारखे वागवतात, पण मुलाला पहाटे पाचला उठवतात. मी पोटासाठी विलायत गाठली असं गावात सगळ्यांना वाटतं. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो, मी झोपेसाठी आलो.'

मी पाण्याच्या दोन घागरी खाली ठेवल्या आणि उलट टपाली विचारून घेतलं : 'बहिणीच्या नवऱ्याला तिकडे कायमचं बोलावता येतं का? वय पस्तीस, इंग्रजी बरं, आणि शपथेवर सांगतो, माझ्यावर एकही गुन्हा नाही. जो केला, तो अजून कुणाला सापडलेला नाही.'